पहिले ड्युअल-कोअर डेस्कटॉप प्रोसेसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००५ ते २००८ या तीन-चार वर्षांत घराघरांत, क्लासेसमध्ये आणि सायबर कॅफेंत दोन कोअरची मशीन शिरली. त्यातली बरीच आज माळ्यावर आहेत, काही अजून रोज चालतात. हे पान मुख्यतः इंटेलच्या पेंटियम डी, एएमडीच्या अॅथलॉन ६४ एक्स२ आणि इंटेलच्याच पहिल्या कोअर २ ड्युओबद्दल आहे. प्रश्न जसे विचारले जातात तसेच ठेवले आहेत, म्हणून काही उत्तरे लांबली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत.

ड्युअल-कोअर म्हणजे नेमके काय? हायपर-थ्रेडिंगही तेच ना?

नाही. सूचना वाचणे, त्यांचा अर्थ लावणे आणि गणित करणे ही सगळी कामे करणारा पूर्ण संच म्हणजे एक कोअर. ड्युअल-कोअरमध्ये असे दोन संच एकाच सॉकेटमध्ये बसवलेले असतात.

हायपर-थ्रेडिंगमध्ये कोअर एकच असतो, पण ऑपरेटिंग सिस्टीमला तो दोन असल्याचे भासवतो. एका कामाला मेमरीची वाट पाहावी लागली की रिकामे पडलेले भाग दुसऱ्या कामाला देता यावेत, एवढाच त्याचा हेतू. डेस्कटॉपवर हे नोव्हेंबर २००२ मध्ये ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ बरोबर आले. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही ठिकाणी दोनच आलेख दिसतात, त्यामुळे अनेक जण आपला जुना पेंटियम ४ ड्युअल-कोअर आहे असे अजून छातीठोकपणे सांगतात. पेंटियम एक्स्ट्रीम एडिशन ८४० मध्ये दोन कोअरही होते आणि हायपर-थ्रेडिंगही, त्यामुळे तिथे चार आलेख दिसायचे. साध्या पेंटियम डीमध्ये मात्र इंटेलने हायपर-थ्रेडिंग बंद ठेवले. महागडा माल वेगळा दिसावा, याशिवाय त्याला दुसरे सबळ कारण दिसत नाही.

एका कोअरचे काय बिघडले होते?

वेग वाढवायचा रस्ताच संपला होता. पेंटियम ४ ची नेटबर्स्ट रचना मुळात गिगाहर्ट्झचा आकडा वाढवत नेण्यासाठी बेतलेली होती. सूचनेवरचे काम लहान लहान टप्प्यांत तोडायचे, टप्पा जितका लहान तितके घड्याळ जोरात पळवता येते. नॉर्थवूड पिढीत असे २० टप्पे होते. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉटमध्ये ते ३१ झाले. ही रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल असे तेव्हा सर्रास बोलले जाई.

प्रत्यक्षात चिप बनवायची पद्धत ९० नॅनोमीटरला येताच गणित फिसकटले. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळायला लागली. त्याआधी प्रत्येक नव्या पिढीत ट्रान्झिस्टर लहान झाले की त्यांना लागणारा व्होल्टेजही उतरायचा, त्यामुळे वेग वाढला तरी उष्णता आटोक्यात राहायची. ते उतरणे आता थांबले. आणि व्होल्टेज वाढवून वेग खेचायला जावे तर विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रेस्कॉट तापायला लागला, आणि टप्पे वाढल्यामुळे चुकीच्या अंदाजाची किंमतही वाढली. पुढची सूचना कोणती येईल हा अंदाज चुकला की पाइपलाइनमधले, म्हणजे टप्प्यांच्या या रांगेतले, काम टाकून देऊन पुन्हा भरावे लागते.

मे २००४ मध्ये इंटेलने पुढची टेजास ही चिप रद्द केली. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ सुद्धा गुंडाळला. त्याच महिन्यात गार्टनरच्या परिषदेत त्या वेळचे इंटेलप्रमुख क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून, अर्थात थट्टेच्या सुरात, या चिपबद्दल माफी मागितली. पेंटियम ४ शेवटी ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला.

पण ट्रान्झिस्टरांची संख्या वाढतच होती. त्यांचे करायचे काय? एका कोअरला आणखी हुशार करण्यात फायदा कमी कमी होत चालला होता, तेव्हा त्याच जागेत दुसरा कोअर बसवणे हा सरळ मार्ग उरला. मंद घड्याळाचे दोन कोअर मिळून तेवढ्याच विजेत जास्त काम उपसतात. फक्त काम दोघांत वाटता आले पाहिजे.

पहिला ड्युअल-कोअर कोणाचा? इंटेल की एएमडी?

सर्व्हर धरले तर दोघांचाही नाही. आयबीएमचा पॉवर४ २००१ मध्येच एका चिपवर दोन कोअर घेऊन आला होता.

डेस्कटॉपपुरते म्हणाल तर तारखेने इंटेल पुढे. पेंटियम एक्स्ट्रीम एडिशन ८४० एप्रिल २००५ च्या मध्यावर बाजारात आला. त्याच आठवड्यात एएमडीने ड्युअल-कोअर ऑप्टेरॉन काढला, पण तो सर्व्हरसाठी होता. सर्वसामान्य ग्राहकासाठीचे पेंटियम डी आणि अॅथलॉन ६४ एक्स२ दोन्ही मेच्या अखेरीस, काही दिवसांच्या अंतराने आले.

रचनेचा विचार केला तर उत्तर उलटे येते. एएमडीने के८ ची (अॅथलॉन ६४ मागच्या रचनेची) आखणी करतानाच दुसऱ्या कोअरसाठी जागा ठेवली होती. इंटेलचे काम घाईचे होते. ऑगस्ट २००५ च्या हॉट चिप्स परिषदेत त्यांच्याच इंजिनिअरने ही घाई आडवळण न घेता सांगितली. त्याच महिन्यात एएमडीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन इंटेलला ड्युअल-कोअर सर्व्हरच्या खुल्या द्वंद्वाचे आव्हान दिले. इंटेल काही मैदानात उतरले नाही.

पेंटियम डी म्हणजे दोन पेंटियम ४ चिकटवलेले, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे.

पहिल्या पिढीत, म्हणजे स्मिथफील्डमध्ये, दोन प्रेस्कॉट कोअर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारीशेजारी होते. आकार २०६ चौरस मिलिमीटर, ट्रान्झिस्टर २३ कोटी. प्रत्येक कोअरला स्वतःची १ एमबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी पण जलद मेमरी. गोम अशी की दोघांना जोडणारा आतून रस्ताच नव्हता. चाळीतल्या दोन शेजारच्या खोल्यांसारखे: भिंत सामाईक, पण मध्ये दार नाही, बोलायचे तर दोघांनी गॅलरीत यायचे. ही गॅलरी म्हणजे फ्रंट साइड बस. एका कोअरने बदललेली माहिती दुसऱ्याला हवी झाली की ती चिपबाहेर बसवर यायची आणि तिथून परत आत जायची. त्याच बसवरून मेमरीचीही ये-जा चालू असे. ८०० मेगाहर्ट्झची, ८ बाइट रुंदीची ही बस सेकंदाला ६.४ जीबी वाहून नेते. पूर्वी ती एका कोअरला मिळायची, आता दोघांच्या वाट्याला आली.

जानेवारी २००६ च्या दुसऱ्या पिढीत, प्रेस्लरमध्ये, दोन कोअर चक्क वेगवेगळ्या तुकड्यांवर आले आणि एका पॅकेजमध्ये शेजारी बसवले गेले. ६५ नॅनोमीटर, प्रत्येकी २ एमबी कॅश. ऐकायला हे आणखीनच जुगाड वाटते, पण कारखान्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. मोठ्या तुकड्यात कुठेही खोट निघाली की सगळा तुकडा वाया जातो, छोटे तुकडे मात्र तपासून चांगल्याशी चांगला जोडता येतो. तरी दोघांमधला रस्ता तोच, बाहेरच्या बसवरून.

मग अॅथलॉन ६४ एक्स२ मध्ये वेगळे काय होते?

दोन गोष्टी, आणि दोन्ही पेंटियम डीच्या दुखण्यावरच होत्या.

पहिली म्हणजे मेमरी कंट्रोलर. तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये नसून प्रोसेसरच्याच आत होता, त्यामुळे मेमरीपर्यंत पोहोचायला वेळ कमी लागे. दुसरी म्हणजे दोन्ही कोअरना जोडणारा आतला क्रॉसबार. एकाला दुसऱ्याच्या कॅशमधले काही हवे असेल तर चिपबाहेर जावे लागत नसे.

शिवाय के८ कोअर दर फेरीत, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात, जास्त काम करायचा. २.२ गिगाहर्ट्झचा एक्स२ ४२०० प्लस ३.२ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला बहुतेक चाचण्यांत मागे टाकत असे, तेही कमी विजेत. एक्स२ चा टीडीपी, म्हणजे पंख्याला बाहेर टाकावी लागणारी ठरवलेली उष्णता, ८९ ते ११० वॅट होता, पेंटियम डी ८३० आणि ८४० चा १३० वॅट. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या काही कामांत इंटेल जवळ यायचे. गेममध्ये मात्र अंतर स्पष्ट दिसे.

मशीन रिकामे बसलेले असतानाचा फरक तर आणखी मोठा. एक्स२ कूल अँड क्वाएट (एएमडीची वीज वाचवणारी सोय) चालू केले की १ गिगाहर्ट्झपर्यंत खाली उतरे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा मूळ ठोका गुणिले गुणक, आणि प्रेस्कॉट घराण्याचा सर्वांत लहान गुणक १४ होता. १४ गुणिले २०० म्हणजे २८०० मेगाहर्ट्झ. पेंटियम डी ८२० चा मूळ वेगच २.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे तो उतरणार कुठे? नोटपॅड उघडून चहाला गेलात तरी तो पूर्ण वेगात तापत बसलेला.

एवढे होते तर लोकांनी पेंटियम डी का घेतला?

किमतीमुळे. हजार नगांच्या भावाने पेंटियम डी ८२० चे २४१ डॉलर पडायचे. एक्स२ चा सर्वांत स्वस्त नमुना सुरुवातीला ४२०० प्लस होता, त्याचे ५३७, आणि ४८०० प्लसचे १००१. ऑगस्ट २००५ मध्ये ३८०० प्लस आला तरी तो ३५४ डॉलरच्या खाली नव्हता. एएमडीला आपला माल सरस आहे हे पक्के ठाऊक होते आणि तिने त्याचा भाव पुरेपूर वसूल केला.

पण मदरबोर्डचा खर्च धरला की चित्र थोडे बदलते. ९३९ सॉकेटचा बोर्ड आधीच असेल तर बहुतेक वेळा बायोस अपडेट करून एक्स२ थेट बसायचा. इंटेलने मात्र ९१५ आणि ९२५ चिपसेटवर ड्युअल-कोअरला थारा दिला नाही, ९४५ किंवा ९५५ चा नवा बोर्ड घ्यावाच लागला. वर्षभरापूर्वी ९१५ चा बोर्ड घेतलेल्यांनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

पेंटियम डी ८०५ चे नाव अजून का निघते?

स्वस्तात मस्त ओव्हरक्लॉक होणारी, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगात पळवता येणारी, चिप म्हणून. तिची बस ८०० ऐवजी ५३३ मेगाहर्ट्झची, म्हणजे मूळ ठोका १३३ चा (बसचा आकडा ठोक्याच्या चौपट असतो), आणि गुणक २०. म्हणून वेग २.६६ गिगाहर्ट्झ. ठोका १३३ वरून २०० केला, जो ९४५ च्या बोर्डांना नेहमीचाच, की थेट ४ गिगाहर्ट्झ. २००६ मध्ये सुमारे १३० डॉलरच्या या चिपला टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत नेले आणि तिचा बोलबाला झाला. ज्या ४ गिगाहर्ट्झसाठी बॅरेट यांनी गुडघे टेकले, तो आकडा इंटेलच्या सर्वांत स्वस्त ड्युअल-कोअरवर असा उगवला. विजेचा खर्च आणि पंख्याचा आवाज मात्र विचारू नका.

२.८ गिगाहर्ट्झचे दोन कोअर म्हणजे ५.६ गिगाहर्ट्झ ना?

नाही. दुकानदाराने तसे सांगितले असले तरी नाही.

बरे, पण वेग दुप्पट तरी होतो का?

क्वचितच. एखाद्या कामाचा ६० टक्के भाग दोघांत वाटता येतो आणि ४० टक्के एकापाठोपाठ एकच करावा लागतो असे धरा. १०० सेकंदांच्या कामातले ४० सेकंद तसेच राहतात, ६० चे ३० होतात. एकूण ७० सेकंद, म्हणजे जेमतेम १.४३ पट वेग. जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा हिशेब आजही सुटलेला नाही. व्हिडिओ बदलणे, त्रिमितीय चित्र रेंडर करणे अशा कामांत वाटणी सोपी असते, तिथे दुपटीच्या जवळ जाता येते. २००५ मधले बहुतेक सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालायचे.

तरीही ड्युअल-कोअर मशीन समोर बसल्या बसल्या वेगळे वाटायचे, आणि तो भास नव्हता. अँटिव्हायरसचे स्कॅनिंग चालू असताना एका कोअरच्या मशीनवर माउसचा बाण अडखळायचा, स्टार्ट मेनू उघडायला वाट पाहावी लागायची. दोन कोअरवर स्कॅन एकावर चाले आणि दुसरा तुमच्यासाठी मोकळा राही. एखादा प्रोग्रॅम अडकून १०० टक्के खाऊ लागला तर टास्क मॅनेजर उघडून तो मारता यायचा. आलेखात वापर बरोबर ५० टक्क्यांवर चिकटलेला दिसला की समजायचे, एक कोअर अडकला आहे. बेंचमार्कच्या तक्त्यात हा फायदा दिसत नाही, पण रोजच्या वापरात माझ्या मते हाच खरा होता.

एक्स२ वर जुने गेम विचित्र का पळतात? पात्रे मध्येच सुसाट धावतात.

हे विंडोज एक्सपीच्या काळातले नावाजलेले दुखणे आहे. वेळ मोजायला बरेच गेम प्रोसेसरमधला टाइम स्टॅम्प काउंटर वाचायचे. एक्स२ मध्ये दोन्ही कोअरचे काउंटर वेगवेगळे होते, आणि कूल अँड क्वाएट चालू असले की ते एकमेकांपासून सरकत जायचे. विंडोजने गेमला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवले की गेमच्या लेखी घड्याळ एकदम पुढे जायचे किंवा मागे.

उपाय तीन. एएमडीचे ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर टाकायचे. नाहीतर बूट डॉट आयएनआय फाइलमधल्या विंडोजच्या ओळीला यूज-पीएम-टायमर हा स्विच जोडायचा. तेही नको असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोसेसवर राइट क्लिक करून सेट अॅफिनिटी निवडायचे आणि एका कोअरची खूण काढायची. तिसरा उपाय दर वेळी करावा लागतो, पण हमखास चालतो.

दोन कोअरचा फायदा घेणारे गेम सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतके होते. क्वेक ४ ला त्यासाठी मागाहून पॅच आला.

प्रोसेसर बदलला, पण एक्सपी एकच कोअर दाखवते. का?

जुना एक कोअरचा प्रोसेसर असताना एक्सपी टाकली असेल तर तिने एकाच प्रोसेसरचा एचएएल (विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधला थर) बसवलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्युटर’ उघडून पाहा. तिथे एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी दिसत असेल तर ड्रायव्हर अपडेट करून यादीतून एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा. त्याआधी डिस्कची प्रत काढून ठेवा. यादीतला भलताच एचएएल निवडला गेला तर विंडोज उठतच नाही.

एक्सपी होम एडिशन दोन कोअरना चालते का, असाही प्रश्न येतो. चालते. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्येच ठरवले होते की परवाना सॉकेटवर मोजायचा, कोअरवर नाही.

कोअर २ ड्युओने असे काय केले की बाकी सगळे विसरले गेले?

इंटेलने नेटबर्स्ट सोडून दिले. २७ जुलै २००६ ला आलेल्या कॉनरोचे (पहिल्या कोअर २ ड्युओचे सांकेतिक नाव) मूळ लॅपटॉपच्या पेंटियम एमच्या घराण्यात आहे, आणि ते काम इस्रायलमधल्या हैफाच्या गटाचे. पाइपलाइन ३१ टप्प्यांवरून १४ वर आली, दर फेरीला चार सूचना हाताळण्याची सोय झाली. आणि मुख्य म्हणजे दोन्ही कोअरना मिळून एकच कॅश दिली गेली, ई६६०० पासून वर ती ४ एमबी होती. एक कोअर शांत असेल तर दुसरा जवळजवळ सगळी वापरू शकतो. दोघांना तीच माहिती हवी असेल तर ती एकदाच ठेवावी लागते. मेमरी कंट्रोलर अजून बाहेरच होता, बस तीच जुन्या पद्धतीची, फक्त १०६६ मेगाहर्ट्झची. तरी एवढ्याने पारडे फिरले.

आकडेच बघा. ई६३०० चा वेग अवघा १.८६ गिगाहर्ट्झ, किंमत १८३ डॉलर, टीडीपी ६५ वॅट. निम्म्या विजेत तो ३.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डी ९६० ला बहुतेक कामांत भारी पडायचा. २.४ गिगाहर्ट्झचा ई६६०० ३१६ डॉलरला होता आणि तो एएमडीच्या हजार डॉलरच्या चिपांशी टक्कर देत होता. एएमडीला त्याच आठवड्यात भाव पाडावे लागले, एक्स२ ३८०० प्लस ३०३ डॉलरवरून १५२ वर आला. गिगाहर्ट्झ बघून मशीन घ्यायची सवय तिथून मोडायला लागली. अर्थात दुकानातल्या पाट्यांवरून तो आकडा काही हलला नाही.

पेंटियम डी, पेंटियम ड्युअल-कोअर, कोअर ड्युओ, कोअर २ ड्युओ : हे सगळे एकच का?

नाही, आणि याच गोंधळात लोकांचे सर्वांत जास्त पैसे गेले.

पेंटियम डी म्हणजे वर सांगितलेले नेटबर्स्ट. कोअर ड्युओ हा जानेवारी २००६ चा, मुख्यतः लॅपटॉपचा आणि ३२ बिटी. कोअर २ ड्युओ म्हणजे कॉनरो आणि त्याची पुढची भावंडे, ६४ बिटी. पेंटियम ड्युअल-कोअर हे नाव डेस्कटॉपवर जून २००७ मध्ये ई२१४० आणि ई२१६० बरोबर आले. नाव पेंटियम, पण आतून कोअर २ ड्युओच, फक्त कॅश १ एमबीवर छाटलेली आणि बस ८०० वर आणलेली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्यातल्या तापकीर गल्लीत काय, “ड्युअल कोअर” मागितले की पेंटियम ड्युअल-कोअरच पुढे यायचा. “कोअर टू ड्युओ” हा त्याच्या वरचा आणि महाग. त्यामुळे ‘कोअर २ ड्युओ ड्युअल-कोअर नसतो’ असा अजब समज तयार झाला, तो आजही भेटतो. आणि उलट बाजूने, सेकंडहँड बाजारात “ड्युअल कोअर आहे” म्हणून पेंटियम डी गळ्यात मारला जायचा. तीन गिगाहर्ट्झचा आकडा दिसला की घेणारा खूश. १.८ गिगाहर्ट्झचा ई२१६० त्याहून चांगला, हे त्याला पटवणे अवघड. खटपट्या लोकांनी हाच ई२१६० बसचा ठोका २०० वरून ३३३ वर नेऊन ३ गिगाहर्ट्झवर चालवला, गुणक ९ होता त्याचा.

माझ्या बोर्डवर कोअर २ ड्युओ बसेल का? सॉकेट तर ७७५ च आहे.

बसेल, पण चालेलच असे नाही. सॉकेट तेच ठेवून इंटेलने वीजपुरवठ्याच्या अटी बदलल्या. २००५ चे बरेच ९४५ आणि ९५५ चे बोर्ड पेंटियम डी चालवतात, पण कोअर २ वर काळा पडदा दाखवतात. ९६५, पी३५, जी३१ आणि नंतर आलेले ९४५जीसी यांवर सहसा अडचण येत नाही. बोर्डाच्या कंपनीची सीपीयू यादी आणि बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर दोन्ही जुळवून पाहा. ४५ नॅनोमीटरच्या चिपांसाठी बायोसही नवे लागते, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच टाकून घ्यायचे.

एएमडीकडे ९३९ आणि एएम२ वेगवेगळे. मे २००६ मध्ये एएम२ आला, त्यात ९४० पिना आणि डीडीआर२ मेमरी. ९३९ चा एक्स२ त्यात बसत नाही.

मशीन दहा मिनिटांत आपोआप बंद पडते. प्रोसेसर गेला का?

बहुधा नाही. प्रोसेसर जायचे प्रमाण फार कमी, आजूबाजूचेच काहीतरी असते.

आधी हीटसिंक हलवून पाहा. ७७५ वर इंटेलचा मूळ पंखा प्लास्टिकच्या चार पुशपिनांवर उभा असतो. एखादी पिन सुटली की तो एका कोपऱ्यातून उचलला जातो, आणि तेवढी फट पुरते. पिनच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की पिन सुटते, उलट फिरवून ठेवली की लागायला तयार. बसवताना समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा, प्रत्येक वेळी ‘टक’ आवाज आला पाहिजे. मग बोर्ड मागून बघा: काळा खुंटा पांढऱ्या पाकळ्यांमधून पूर्ण बाहेर आलेला दिसला तरच पिन बसली. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायची, वाटाण्याएवढी पुरे.

९३९ आणि एएम२ वाल्यांना एक धोक्याची सूचना. तिथे पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेली पेस्ट प्रोसेसरला हीटसिंकला घट्ट चिकटवून ठेवते. हीटसिंक सरळ वर ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर उपटून हातात येतो, पिना वाकतात. मशीन आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलक्या हाताने पिळा. पकड सुटल्याचे हाताला कळते. त्यानंतरच उचला.

तरीही बंद पडत असेल तर सॉकेटशेजारचे कपॅसिटर बघा. त्या काळात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर पसरले होते. डोके फुगलेले किंवा तपकिरी चिकटा आलेला असेल तर दोष तिथे आहे. पेंटियम डी जास्त करंट ओढतो, त्यामुळे त्याच्या बोर्डांवर हे जास्त दिसते.

वीजबिलात फरक पडतो का?

पूर्ण भारावर पेंटियम डीचे १३० आणि कोअर २ ड्युओचे ६५, म्हणजे फरक ६५ वॅट. दिवसाला सहा तास धरले तर महिन्याला ११.७ युनिट. सहा तास पूर्ण भार कोणी टाकत नाही, हे मान्य, पण पेंटियम डी रिकामा असतानाही फारसा उतरत नाही हे विसरू नका. शिवाय यूपीएस कमी वेळ टिकतो. भारनियमनाच्या वर्षांत लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करायला किती मिनिटे मिळतात, यावरच अनेकांना हा फरक कळला.

डीटीपीचे जुने मशीन आहे, एक्सपी आणि पेजमेकर. दोन कोअरचा उपयोग होतो का?

पेजमेकरला नाही, तो एकाच कोअरवर चालतो. मागे पीडीएफ बनत असताना पुढे पान लावत बसता येते, एवढा फायदा.

अशी मशीन छापखान्यांत अजून चालू असतात, कारण श्रीलिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (पोर्टला लावायची त्याची किल्ली) आणि वीस वर्षांच्या फाइली त्याच एक्सपीवर अडकलेल्या असतात. तिथे प्रोसेसरच्या नादी लागू नका. इंटरनेटची वायर काढा, डिस्कची पूर्ण प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ती उठते का ते तपासा, आणि त्याच चिपसेटचा एक जादा बोर्ड मिळाला तर घेऊन ठेवा. प्रिंटर पोर्टचा डोंगल असेल तर बोर्डावर तो पोर्ट आहे ना, हेही बघा. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला.

आज यांच्यावर काय चालते?

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती यांतल्या एकाही चिपवर उठत नाही. तिला पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात, आणि त्या कोअर २ मध्येही नाहीत. विंडोज १० कोअर २ वर चालते, पण तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ९३९ च्या एक्स२ वर ६४ बिटी विंडोज ८.१ आणि १० बसतच नाहीत, कारण त्यांना लागणारी सीएमपीएक्ससीएचजी१६बी ही सूचना त्या चिपेत नाही. ३२ बिटी बसते.

लिनक्समध्ये डेबियन किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ च्या घराण्यातले मात्र नाही, त्यांना यापेक्षा नवा सूचनासंच लागतो. मेमरी हीच खरी अडचण. जी३१ वर ४ जीबी ही कमाल. ९४५ वर ४ जीबी बसवली तरी सव्वातीनच्या आसपासच हाती लागते. एसएसडी टाकला तर सगळ्यात मोठा फरक पडतो, डिस्क जोडायच्या साटा पोर्टचा वेग जुना असला तरी. यूट्यूबचे ७२० पिक्सेलचे व्हिडिओ कोअर २ वर एच.२६४ मध्ये चालतात. त्याच्या पुढे गेले की दोन्ही कोअर पूर्ण भरतात.

मशीन सुरू न करता प्रोसेसर कोणता ते ओळखता येईल का?

पेस्ट पुसल्यावर झाकणावरची अक्षरे दिसतात. इंटेलवर नाव आणि वेगाशिवाय एसएल अक्षरांनी सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड असतो, तो शोधला की नेमकी आवृत्ती मिळते. एक्स२ वर सहसा एडीएने सुरू होणारी ओळ असते आणि पुढचे चार आकडे म्हणजे त्याचे मॉडेल, उदाहरणार्थ ४२००. केसवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. ते सुटे विकत मिळायचे.